दाढ ठणकल्याशिवाय दवाखाना का आठवत नाही?

दाढ ठणकायला लागली की पहिली रात्र लवंगेवर निघते. दुसऱ्या दिवशी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या होतात, तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून 'दातावरची गोळी' येते. पाच-सहा दिवसांत ठणका उतरतो आणि घरात सगळे म्हणतात, चला, डॉक्टरांकडे जायचं वाचलं. पुष्कळदा याच सुमारास त्या दाताची नस मेलेली असते. दुखणं थांबतं, कारण दुखायला आत काही जिवंतच उरलेलं नसतं. जंतू मात्र जागेवर असतात. मुळाच्या टोकातून ते हळूहळू जबड्याच्या हाडात उतरतात आणि काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी, एका सकाळी गाल सुजलेला दिसतो.

लोक दातांच्या दवाखान्यात कधी जातात आणि कधी टाळतात, यावर जगभर ढिगाने संशोधन झालं आहे. आपल्याकडे मात्र या प्रश्नाचं एकच ठरीव उत्तर मिळतं: 'लोकांमध्ये जागरूकता नाही.' शिबिराच्या उद्घाटनाला हे वाक्य हमखास असतं. मला ते उत्तर आळशी वाटतं. दात जपावेत हे ज्यांना ठाऊक नाही अशी माणसं शोधूनही सापडणार नाहीत. पण ठाऊक असणं आणि प्रत्यक्ष खुर्चीत जाऊन बसणं यांच्यामध्ये पैसा असतो, बुडणारा रोज असतो, एसटीची वेळ असते, भीती असते, लाज असते आणि घरात कुणाच्या दुखण्याला किती मान आहे हेही असतं. शिवाय दाताची स्वतःची घडणच अशी आहे की ती माणसाला उशीर करायला लावते. तिथूनच सुरुवात करू, कारण पुढचं बरंचसं त्यातून निघतं.

दुखणं एवढ्या उशिरा का येतं

दाताचं सर्वांत बाहेरचं आवरण म्हणजे इनॅमल. शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ, पण त्याला नसा नाहीत, त्यामुळे संवेदनाही नाही. तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थांवर जगतात आणि त्यातून आम्ल तयार करतात. हे आम्ल इनॅमलमधली खनिजं विरघळवत राहतं. हा उद्योग महिनोन्महिने चालतो आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. कीड आतल्या डेंटिनच्या थरात पोचली की गार पाणी किंवा गोड लागल्यावर दात शिवशिवतो. त्यावर आपला उपाय ठरलेला: त्या बाजूने खायचं बंद करायचं. कीड नसेपर्यंत गेली की मग खरा ठणका सुरू होतो. नस चारही बाजूंनी कठीण भिंतींच्या पोकळीत असते, सूज आली तरी तिला फुगायला जागा नसते. म्हणून ती कळ इतकी असह्य असते, आणि आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्त वाढतं म्हणून रात्री जास्त छळते.

आता यातल्या प्रत्येक टप्प्यावर उपचार काय, तेही पाहा. इनॅमल किंवा डेंटिनपर्यंतची कीड असेल तर ती खरवडून सिमेंट भरायचं. बहुतेक वेळा एका बैठकीत काम संपतं, खर्च बेताचा, इंजेक्शनही अनेकदा लागत नाही. नसेपर्यंत गेलेल्या किडीला रूट कॅनाल, म्हणजे आतली नस काढून पोकळी भरणं, त्यावर कॅप, किंवा मग दात काढणं. म्हणजे ज्या टप्प्यावर उपचार स्वस्त आणि सोपा असतो त्या टप्प्यावर शरीर गप्प बसतं, आणि ते ओरडायला लागतं तेव्हा उपचार महाग, लांबलचक आणि भीतिदायक झालेला असतो.

हिरड्यांचा आजार तर याहून मुका. ब्रशला रक्त लागतं, तर लोक त्या जागी घासायचंच सोडून देतात. हाड झिजून दात हलायला लागेपर्यंत वेदना अशी फारशी नसतेच. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. हे दुहेरी नातं वैद्यकशास्त्राला चांगलं माहीत आहे, तरी मधुमेहाच्या तपासणीत 'तोंड उघडा बघू' म्हणणारे डॉक्टर थोडेच.

गरज देशात कमी आहे असं अजिबात नाही. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १२ वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांचे दात किडलेले आढळले होते. ३५ ते ४४ वयोगटात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे. एवढी सार्वत्रिक गोष्ट असली की ती आजार वाटेनाशी होते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. शेजारच्याचे, भावाचे, मास्तरांचे दात तसेच असतील तर ते घेऊन डॉक्टरांकडे कोण जाईल?

अमेरिकेत रोनाल्ड अँडरसन नावाच्या अभ्यासकाने १९६८ मध्ये आरोग्यसेवांच्या वापराची एक मांडणी केली. ती आजही या विषयातल्या बहुतेक संशोधनाचा पाया आहे. तिचं सार सोपं आहे. माणूस मुळात कसा आहे (वय, शिक्षण, समजुती, घरचं वळण), त्याच्या हाताशी काय आहे (पैसा, विमा, जवळ दवाखाना, मोकळा वेळ), आणि गरज किती आहे, या तीन गोष्टींवर तो सेवा घेतो की नाही हे ठरतं. यातली गरजही दोन तऱ्हेची: माणसाला स्वतःला जाणवणारी आणि डॉक्टरांना तपासून दिसणारी. हृदयविकाराच्या झटक्यात या दोन्ही एकाच वेळी येतात. दातांच्या बाबतीत त्यांच्यात वर्षांचं अंतर पडतं, आणि त्या मधल्या काळात निर्णय घेतात त्या उरलेल्या दोन गोष्टी.

पैसा, आणि पैशाहून महाग दिवस

पैशाची गोष्ट उघड आहे, तरी तिचे बारकावे पाहण्यासारखे आहेत. आपल्याकडे दातांचा खर्च जवळजवळ पूर्णपणे खिशातून होतो. नेहमीच्या आरोग्य विमा पॉलिसीत दातांचे उपचार वगळलेले असतात. अपघातात जबडा मोडून दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर विमा कामी येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होते, पण किडलेली दाढ भरून मिळत नाही. कारण या योजना दाखल होणाऱ्या रुग्णासाठी रचलेल्या आहेत आणि दातांचा रुग्ण खुर्चीत बसतो, उठून घरी जातो. म्हणजे तंबाखूमुळे तोंडात झालेल्या गाठीवर सरकार लाखो रुपये खर्च करायला तयार आहे, पण तीच गाठ चट्टा असताना ज्या तपासणीत दिसली असती ती ज्याची त्याने पदरमोड करून करायची.

दात काढायला काही शे रुपये लागतात, रूट कॅनाल आणि कॅपला काही हजार. हातावर पोट असलेल्या माणसापुढे हे दोन पर्याय ठेवल्यावर तो काय निवडणार हे सांगायला नको. 'काढूनच टाका डॉक्टर, कटकट नको.' काढलेल्या दाढेच्या जागी शेजारचे दात कलंडतात, समोरची दाढ त्या रिकाम्या जागेत उतरते, चावणं बिघडतं. पण हा हिशोब दहा वर्षांनी समोर येणारा असतो आणि किराण्याची यादी आजची असते.

आणि पैसे आहेत त्यांनाही एक गोष्ट खटकते: आकडा आधी कळत नाही. रूट कॅनालचा भाव एक सांगितला जातो, मग कॅप 'वेगळी', मग कॅपमध्ये तीन-चार प्रकार, मग एक्स-रे. यात लबाडीच असते असं नाही. दात उघडल्याशिवाय आत काय आहे ते डॉक्टरांनाही पूर्ण दिसत नसतं. पण समोरच्याला ते फसवणुकीसारखं वाटतं, आणि एकदा तसं वाटलं की तो माणूस स्वतः तर जात नाहीच, शेजारच्या चार घरांनाही सांगतो. बाजाराच्या दिवशी फूटपाथवर ट्रे मांडून बसणाऱ्या 'दातवाल्या'कडे अजूनही गर्दी का असते, याचं उत्तर इथे आहे. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानेच असा धंदा बेकायदा ठरला, त्याची अवजारं उकळलेली नसतात, त्याने चिकटवलेल्या दातांखाली हिरडी सडते. पण तो एक आकडा सांगतो, एका बसण्यात काम करतो आणि केसपेपर मागत नाही.

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत कमी चर्चा होते ती वेळेची. रूट कॅनालला अनेकदा दोन-तीन बैठका लागतात, कॅपसाठी माप द्यायला आणि ती बसवायला आणखी एक-दोन. महिन्याच्या पगारावर असलेल्याला हे फार तर गैरसोयीचं. रोजंदारीवरच्या माणसाला प्रत्येक बैठक म्हणजे बुडालेला रोज, वर एसटीचं भाडं, आणि बाई असेल तर बहुतेक वेळा सोबत येणाऱ्याचाही रोज.

ऊसतोड मजुरांचं उदाहरण घ्या. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागातली कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी मिळून मजुरीला एक 'कोयता' धरली जाते, आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. अशा बाईची दाढ जानेवारीत ठणकली तर तिला फडावरून तालुक्याला न्यायचं कुणी आणि कधी? समजा गावाकडून निघण्याआधीच दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी पहिल्या बैठकीत नस काढून तात्पुरतं सिमेंट भरलं, तर पुढची बैठक पाच-सहा महिन्यांनी. तात्पुरतं सिमेंट काही आठवडे टिकावं म्हणून बनवलेलं असतं. ते झिजतं, जंतू पुन्हा आत शिरतात आणि परत आल्यावर दात वाचवण्यासारखा राहत नाही. त्या बाईच्या हिशेबात पैसे देऊनही दात गेला. पुढच्या वेळी ती 'काढूनच टाका' म्हणाली, तर तिला अडाणी कसं म्हणायचं?

दवाखाने कुठे आहेत

देशात ३०० हून अधिक दंत महाविद्यालयं आहेत आणि दरवर्षी हजारो पदवीधर बाहेर पडतात. तरी खेड्यात दातांचे डॉक्टर नाहीत आणि पुण्या-नागपुरात एकेका गल्लीत तीन-तीन पाट्या. ज्यूलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधल्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये लिहिलं होतं की चांगली वैद्यकीय सेवा जिथे गरज जास्त तिथे कमी मिळते, आणि सेवा बाजारावर सोडली की हा उलटेपणा वाढतो. दातांची सेवा जवळजवळ सगळीकडे बाजारावरच सोडलेली आहे, त्यामुळे हे तिला फार चपखल लागू पडतं.

डॉक्टर गावात का जात नाहीत, याला सेवाभाव कमी असणं हे एकच कारण नाही. ताप-खोकला तपासणारा डॉक्टर स्टेथोस्कोप आणि औषधांची पेटी घेऊन काम सुरू करू शकतो. दातांच्या डॉक्टरला खुर्ची, कॉम्प्रेसर, अखंड वीज, स्वच्छ पाणी, एक्स-रे आणि अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र लागतं. काही लाखांची गुंतवणूक आधी, आणि रुग्ण यायचा तो ठणका लागल्यावर, दात काढून घ्यायला. खासगी महाविद्यालयात भरमसाट फी भरून शिकलेल्या तरुण डॉक्टरचं गणित तिथे बसत नाही.

सरकारी व्यवस्थेत ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो, पण प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दंतशल्यचिकित्सक नसतो. केंद्र सरकारचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. पद भरलेलं असतं तिथेही खुर्ची बंद पडली, साहित्य संपलं की हाताने होणारं एकच काम उरतं, ते म्हणजे दात काढणं. लोकांच्या मनात सरकारी दवाखाना आणि दात काढणं यांची सांगड बसली आहे ती अशी.

एक चांगली सोय मात्र अनेकांना माहीतच नसते. मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय: इथे अगदी कमी दरात रूट कॅनालपासून कवळीपर्यंत सगळं होतं. काम विद्यार्थी करतात आणि प्रत्येक टप्प्यावर शिक्षक तपासतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात, म्हणजे पैशाची अडचण वेळेच्या अडचणीत बदलते. निवृत्त माणसाला, कॉलेजातल्या मुलाला हे परवडतं. नाका कामगाराला नाही.

भीती, लाज आणि सांगोवांगी

दातांची भीती हा थट्टेचा विषय असला तरी संशोधकांनी तो गंभीरपणे घेतला आहे. नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये अवघ्या चार प्रश्नांची मोजपट्टी तयार केली: उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, आज तुम्हाला कसं वाटतंय; बाहेर नंबरची वाट पाहताना कसं वाटतं; खुर्चीत बसल्यावर, ड्रिल तयार होत असताना; आणि दात साफ करण्याची अवजारं काढली जात असताना. प्रत्यक्ष वेदनेचा यात एकही प्रश्न नाही, सगळे वाट पाहण्याचे आहेत. आणि ज्याला भीती वाटते तो टाळतो. टाळल्यामुळे कीड वाढते. शेवटी जातो तेव्हा सुजलेल्या, पू झालेल्या जागी भूल नीट चढत नाही, दुखतंच. झालं, भीती खरी ठरली. ज्या मुलाची दातांच्या डॉक्टरांशी पहिली भेट दाढ काढायला होते, त्याला पुढची वीस वर्षं समजावणं कठीण. त्यात घरात 'मस्ती केलीस तर डॉक्टरकडे नेऊन सुई टोचीन' अशी धमकी दिली जात असेल तर विचारायलाच नको.

लाज हा भीतीचा धाकटा भाऊ. मशेरी लावणाऱ्या बायकांचे, तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांचे दात काळे पडलेले असतात. तोंड उघडलं की डॉक्टर बोलणार, आणि तेही बाहेर बसलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात. देशव्यापी तंबाखू पाहणीनुसार २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रातल्या जवळजवळ दर चार प्रौढांमागे एक जण तंबाखू चघळत, लावत किंवा ओठात धरत होता, आणि ही पाहणी झाली ती राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी लागू झाल्यानंतर. तोंडाची तपासणी ज्यांना सर्वांत जास्त हवी तेच लोक ती सर्वांत जास्त टाळतात. 'काहीतरी निघालं तर?' हाही प्रश्न असतोच. तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, तिखट झोंबतं, गालात पांढरा चट्टा आहे, हे माणसाला स्वतःला कळतं आणि तो ते कुणाला सांगत नाही.

या बाबतीत केरळचा एक प्रयोग फार बोलका आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते घरोघरी जाऊन लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी आणि टॉर्चच्या उजेडात तपासत होते. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. ना खुर्ची, ना कॉम्प्रेसर. माणूस दवाखान्यात येत नव्हता, तर तपासणी त्याच्या ओसरीवर गेली.

आता समजुतींकडे. वरची दाढ काढली की डोळे अधू होतात, हे आजही सुशिक्षित घरांत ऐकू येतं. वरच्या दातांना संवेदना देणारी नस आणि कपाळ-डोळ्याच्या भागाला संवेदना देणारी नस एकाच मोठ्या नसेच्या फांद्या आहेत, म्हणून वरची दाढ दुखली की डोळ्यामागे कळ जाणवते. दृष्टीची नस अगदी वेगळी, तिचा दातांशी संबंध नाही. शिवाय दाढा बहुतेक चाळिशी-पन्नाशीत काढल्या जातात आणि चष्म्याचा नंबरही तेव्हाच लागतो. लोकांचं निरीक्षण चुकलेलं नसतं, फक्त कारण भलत्याच गोष्टीला चिकटतं.

दात साफ करून घेतले की हलायला लागतात, ही दुसरी समजूत. तिच्यातही निरीक्षण खरं आहे. हिरडीखाली वर्षानुवर्षं साठलेलं कीटण हलत्या दातांना पोपड्यांनी धरलेल्या जुन्या भिंतीसारखं थोपवून ठेवतं. ते काढलं की आधीच झालेली झीज उघडी पडते, फटी दिसतात, आणि बोल डॉक्टरांना लागतो. गरोदरपणी दातांना हात लावायचा नाही, असंही सांगतात. खरं तर हिरड्या तेव्हाच जास्त सुजतात आणि मधले तीन महिने बहुतेक उपचारांना सोयीचे असतात. पण समजूत घरातल्या वडीलधाऱ्यांची असते आणि सून एकटी निर्णय घेत नाही.

दुधाच्या दातांबद्दल तर आई-वडीलच म्हणतात, पडणारच आहेत की! मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहायच्या असतात. त्या लवकर गेल्या तर पक्क्या दातांची जागा चुकते, आणि मग त्याच मुलाला पंधराव्या वर्षी तारा लावायला तेच आई-वडील कितीतरी जास्त पैसे मोजतात. तारांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो: पुढचा दात तुटला की घरात पैसे निघतात, मागची दाढ किडली की निघत नाहीत. आणि मुलगी लग्नाची असेल तर आणखी लवकर निघतात. तीच मुलगी पुढे सासरी 'माझी दाढ दुखतेय' म्हणाली की तिचा नंबर सासऱ्यांची कवळी आणि मुलाची फी यांच्यानंतर लागतो.

फुकट केलं तर सगळे येतील का?

हा प्रयोग इतिहासात झालेला आहे. जुलै १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा दातांचे उपचारही मोफत होते. सरकारी अंदाज धुळीला मिळवणारी गर्दी उसळली. वर्षानुवर्षं साठलेलं दुखणं एकदम बाहेर पडलं, कवळ्यांची मागणी पुरी होईना. १९५१ मध्ये कवळ्यांवर शुल्क आलं, त्यावरून ही सेवा उभी करणारे अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं, आणि १९५२ मध्ये उपचारांवरही एक पौंड शुल्क बसलं. अलीकडे तर सरकारी दराने काम करणारे दंतवैद्य मिळेनासे झाले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात असा एक दवाखाना उघडला तेव्हा नाव नोंदवायला रस्ताभर रांग लागली होती. अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, दातांचे नेहमीचे उपचार १९६५ पासूनच वगळलेले आहेत. अमेरिकेतून सुट्टीवर आलेली आपली मंडळी पुण्यात उतरल्या उतरल्या दातांची अपॉइंटमेंट का घेतात, ते यावरून कळावं.

म्हणजे पैशाची आडकाठी काढली की लोक येतात, हे खरं. पण न्यूझीलंडची गोष्ट त्यात भर घालते. तिथे शाळकरी मुलांना दातांची सेवा मोफत मिळते, मोठेपणी पदरचे पैसे मोजावे लागतात. ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा संशोधक आजवर पाठपुरावा करत आले आहेत. पंधराव्या वर्षी यातली बहुतेक मुलं नियमित तपासणीला जात होती, तिशी ओलांडेपर्यंत नियमित जाणारे थोडेच राहिले. जे जात राहिले त्यांचे दात कमी पडले. आणि ज्यांचं बालपण हलाखीत गेलं त्यांचे दात, पुढे परिस्थिती सुधारली तरी, इतरांहून खराबच निघाले. लहानपणी लागलेली सवय मोफत सेवेच्या आधारावर उभी होती. आधार काढल्यावर ज्यांना परवडलं त्यांचीच टिकली.

आपल्याकडे शाळेतल्या तपासणीची व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरलाच झाली, आणि त्यात शाळा-अंगणवाड्यांमधल्या मुलांचे दातही बघतात. पथक येतं, चिठ्ठीवर लिहितं: दात किडलेले, पुढील उपचारासाठी पाठवावे. चिठ्ठी दप्तरात जाते. तिथून पुढे ती चिठ्ठी घेऊन तालुक्याला जायला आईला एक दिवस हवा, आणि तो रोज बुडवायचा कुणी हा प्रश्न तसाच राहतो. ब्राझीलने २००० नंतर दातांचे डॉक्टर कुटुंब आरोग्य पथकांमध्येच घेतले, म्हणजे घरी जाणाऱ्या आरोग्यसेविकेच्या ओळखीतून दंतवैद्याची ओळख होते. आपल्या आशाताईंना गावातल्या प्रत्येक घरची माहिती असते. तोंडात चट्टा कसा ओळखायचा हे त्यांना शिकवणं, आणि महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी आरोग्य केंद्रात दातांची खुर्ची चालू ठेवणं, हे दंतव्हॅनला फुलं वाहून फोटो काढण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे.

तोपर्यंत घरातल्या ज्या माणसाला दवाखान्यात न्यायचं आहे, त्याच्यासाठी काही साध्या गोष्टी. दुखत नसताना नेलं तर पहिली भेट नुसत्या तपासणीची होते आणि धसका बसत नाही. मुलांना पहिला दात आला की, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, एकदा दाखवावं, असं बालदंतवैद्य सांगतात ते त्यासाठीच. फोनवरच विचारावं: बैठका किती, कॅप धरून एकूण खर्च किती, पैसे टप्प्याने दिले तर चालतील का? गावाला किंवा कामावर जायचं असेल तर ती तारीख पहिल्याच दिवशी सांगावी, म्हणजे डॉक्टर एका बैठकीत काय उरकता येईल ते ठरवू शकतात. आणि तंबाखू खाणाऱ्या माणसाला घेऊन जाणार असाल तर आत जाण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला की आज फक्त तोंड बघा, बोलणी पुढच्या वेळी.